जांबोटीचा घाटमाथा आणि संघाचा धनी

बेळगावाहून गोव्याकडे उतरणाऱ्या वाटा अनेक आहेत. परंतु पिरनवाडीपाशी खानापूरचा रस्ता डाव्या हाताला सोडून किणयेमार्गे जांबोटीकडे वळणारी वाट ही त्या सर्वांत रम्य, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. शहराचा गोंगाट हळूहळू मागे पडतो, माती तांबडी होत जाते, दुतर्फा भाताची खाचरे दिसू लागतात आणि पाहता पाहता रान रस्त्याला येऊन भिडते. पावसाळ्यात इकडे असा पाऊस कोसळतो की आठवडाच्या आठवडा सूर्यदर्शन होत नाही. मग माणसे घोंगडी पांघरून चुलीपाशी बसतात आणि गुरे गोठ्यातून बाहेर यावयास नाखूष असतात. पाऊस सरला म्हणजे मात्र हाच मुलूख नुकत्याच न्हाऊन आलेल्या मुलासारखा प्रसन्न दिसतो.

जांबोटी हे खानापूर तालुक्यातील या वाटेवरचे मुक्कामाचे गाव. पुढे कणकुंबी, मग चोर्ला आणि त्यानंतर घाट उतरून थेट गोव्याची केरी व साखळी. जवळच मलप्रभेच्या काठी हब्बनहट्टीचे मारुतीचे स्थान आहे आणि रानात वज्रपोहा धबधबा आहे. दक्षिणेकडे भीमगडाचे अरण्य पसरले आहे. २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या रानातील बारापेडे गुहांत जगात अतिशय दुर्मिळ समजली जाणारी एक वटवाघळाची जात वस्ती करून आहे. निसर्गाने इतके दिलेले असूनही प्रवासी येथे बहुधा चहापुरता थांबतो व पुढे निघून जातो.

या भूमीचे एक वैशिष्ट्य वाचकांनी ध्यानी घ्यावे, कारण पुढील सर्व कथनाशी त्याचा संबंध आहे. एकाच घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाचे येथे दोन भाग होतात. कणकुंबीस माऊलीच्या देवळापाशी उगम पावणारी मलप्रभा पूर्वेस वळते, खानापूर, सौंदत्ती असा प्रवास करीत कूडलसंगमास कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते. त्याच तालुक्यात देगावच्या परिसरात उगवणारी म्हादई मात्र पश्चिमेचा कडा उतरते, गोव्यात मांडवी हे नाव धारण करते आणि पणजीपाशी अरबी समुद्रात विलीन होते. या पाण्यावरून दोन राज्यांत किती वाद झाले आणि लवादाने २०१८ साली निवाडा देऊनही ते कसे पुरते मिटले नाहीत, हे सर्वश्रुत आहे.

पाण्यासारखीच येथील माणसांचीही गत आहे. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली व हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. घरात मराठी, कचेरीत कानडी आणि घाटाखालून येणाऱ्या पाहुण्याशी कोकणी, अशा तीन भाषा येथील शेतकरी सहज बोलतो. १९५३ साली बेळगाव धर्मप्रांताची स्थापना झाली, तोपर्यंत यातील बराच भाग धार्मिक दृष्ट्याही गोव्याशीच जोडलेला होता. आजही सोयरीक, नोकरी, फेस्त आणि बाजार या चारही कारणांनी येथील कुटुंबांचे पाय गोव्याकडे वळतात. बेळगावची भाजी व दूध रोज घाट उतरते. संध्याकाळी घाट चढून परत येतो तो पगार आणि पगारासोबत आणखी एक वस्तू येते. ती म्हणजे फुटबॉलचे वेड.

घाट चढून आलेला खेळ

गोव्यात हा खेळ आणला तो एका धर्मगुरूने. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी शिवोली गावी मुलांच्या शिक्षणाचा एक भाग म्हणून चेंडू त्यांच्या पायी दिला, असे गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगतो. तेथून तो गावोगावच्या चर्चसमोरील पटांगणांत पसरला. बेळगावातही कॅम्पातील सैनिक आणि १८५६ साली स्थापन झालेली जेझुइट फादरांची सेंट पॉल्स शाळा यांच्यामुळे त्यास मोठा आश्रय मिळाला. म्हणजे जांबोटीच्या मुलांना खेळ दोन्ही बाजूंनी आला, बेळगावाहून शाळेच्या वाटेने आणि गोव्याहून पोटाच्या वाटेने.

सुगी झाली की कापणी झालेल्या खाचरांत बांबूचे गोलखांब उभे राहतात. बोडक्या पायांना भाताचे धसकट टोचते, त्याची पर्वा कोणी करीत नाही. मुलांच्या अंगावर एफ. सी. गोवाचा नारिंगी सदरा दिसतो, क्वचित चर्चिल ब्रदर्सचा तांबडा. या सदऱ्यांमागे धनी कोण आहे, हा प्रश्न त्या मुलांना पडत नाही. तो पडतो त्यांच्या वडिलांना व काकांना. चहाच्या दुकानी, बसची वाट पाहताना, तो त्यांनी आमच्यासमोर असा काही रंगविला की बस येऊन गेली तरी कोणी उठले नाही.

वाद साधा होता. संघाचा मालक वादग्रस्त असेल तर त्याने राहावे की जावे?

गोव्यात वीस वर्षे नोकरी करून परतलेले एक वृद्ध गृहस्थ ठामपणे म्हणाले, “जुगाराच्या पैशावर चाललेला संघ मला नको. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही.”

त्यावर वेर्ण्याच्या कारखान्यात कामास जाणारा एक तरुण आदराने, पण तितक्याच ठामपणे उत्तरला, “काका, तुमचे मालक सज्जन होते ना? ते तर संघ सोडून गेले. जो राहिला त्याला तुम्ही वाईट म्हणता. खेळाडूंनी पोट कशावर भरावे?”

या दोन वाक्यांत गोव्याच्या फुटबॉलचा गेल्या काही वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. तो थोडा उलगडून पाहू.

सज्जनांचे जाणे

गोव्याचे नामांकित संघ उभे राहिले ते खाणमालकांच्या घराण्यांच्या आश्रयाने. साळगावकर संघ १९५६ सालचा, तर धेंपो १९६८ सालचा. लोहखनिजाने मिळविलेल्या धनातील काही वाटा मैदानावर येई. खेळाडूंना नोकरी मिळे आणि गावच्या गरीब मुलासही फुटबॉल खेळून घर चालविता येते असा विश्वास निर्माण झाला. याचे फळही गोड होते. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत ओळीने सहा वर्षे आय-लीगचे विजेतेपद गोव्याबाहेर गेलेच नाही. त्यांपैकी तीन वेळा धेंपो, दोन वेळा चर्चिल ब्रदर्स आणि एकदा साळगावकर विजयी झाले. लोकसंख्येने एखाद्या जिल्ह्याएवढ्या असलेल्या गोव्याने साऱ्या हिंदुस्थानास सहा वर्षे हरविले, ही सामान्य गोष्ट नव्हे.

पुढे दिवस फिरले. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या. २०१४ साली इंडियन सुपर लीग ही नवी श्रीमंत स्पर्धा सुरू झाली आणि जुन्या संघांना दुय्यम स्थान मिळणार हे स्पष्ट झाले. २०१६ साली महासंघाच्या या धोरणाचा निषेध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतले. धोरण चुकीचे होते असे म्हणण्यास जागा आहे, आणि मालकांचा रागही समजण्यासारखा आहे. परंतु मालक रागावला तर त्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेतून जातो, खेळाडूची मात्र रोजी जाते. धेंपो पुढे २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला. मधल्या आठ वर्षांत ज्यांचे पाय थकले, त्यांना ती वर्षे कोण परत देणार?

हे केवळ गोव्यातच घडले असे नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००५-०६ साली राष्ट्रीय विजेता होता, २०१० साली तो मालकांनी मिटविला. पंजाबचा जे. सी. टी. हा पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, तोही २०११ साली बंद झाला. दोन्ही ठिकाणी मालक प्रतिष्ठित होते. प्रतिष्ठा संघास तारू शकली नाही.

वादग्रस्तांचे राहणे

आता दुसरी बाजू. चर्चिल ब्रदर्सचे मालक चर्चिल आलेमाव हे गोव्याच्या राजकारणातील गाजलेले नाव. १९९० साली ते काही थोडे दिवस मुख्यमंत्री होते, पुढे मंत्री व खासदारही झाले आणि पक्ष बदलण्याबद्दल त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. संघास त्यांनी स्वतःच्या कुटुंबाचे नाव दिले. २०१४ साली परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्याने संघ आय-लीगबाहेर काढला गेला, तेव्हा अनेकांनी हा संघ संपला असे मानले. परंतु तीन मोठे संघ बाहेर पडल्यावर पुढल्याच हंगामात, २०१७ च्या आरंभी, गोव्यातून परत मैदानात उतरला तो हाच. २०२५ च्या एप्रिलमध्ये महासंघाच्या अपील समितीने त्यास विजेता ठरविले, आणि जुलैत लोझान येथील क्रीडा लवादाने तो निर्णय फिरवून वाराणसीच्या इंटर काशीस विजेतेपद दिले. वाद या संघाची पाठ सोडीत नाहीत, हे खरे. परंतु संघानेही मैदानाची पाठ सोडलेली नाही, हेही तितकेच खरे.

एफ. सी. गोवाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. २०१५ च्या २० डिसेंबर रोजी फातोर्डा येथे अंतिम सामना झाला. अखेरच्या क्षणांपर्यंत गोवा २-१ ने पुढे होता, आणि पापणी लवते न लवते तोच चेन्नईयिनने दोन गोल चढवून सामना ३-२ असा जिंकला. सामन्यानंतरच्या गोंधळात गोव्याचे सहमालक दत्तराज साळगावकर यांनी चेन्नईच्या एलानो या खेळाडूने मारहाण केल्याची तक्रार नोंदविली आणि त्या खेळाडूस अटक झाली. प्रकरण एवढे चिघळले की २०१६ साली लीगच्या नियामक आयोगाने संघास ११ कोटी रुपयांचा दंड केला, १५ गुण कापले आणि साळगावकर व श्रीनिवास धेंपे या दोघा मालकांवर बंदी घातली. पुढे अपिलात गुणांची कपात रद्द झाली व दंडही कमी झाला. तोपर्यंत हे दोघे संघातून बाहेर पडले होते आणि सूत्रे जयदेव मोदी यांच्या हाती आली होती. मोदी हे डेल्टा कॉर्प या कंपनीचे प्रमुख, आणि डेल्टा कॉर्पचा मोठा व्यवसाय कॅसिनोंचा.

वृद्ध गृहस्थांच्या बोलण्यातील सुरी ती हीच. ज्या म्हादईचा उगम या घाटमाथ्यावर, तिच्याच पात्रात पणजीस कॅसिनोंची जहाजे रात्रभर दिव्यांनी झगमगतात. गोव्यातील चर्चच्या सामाजिक न्याय व शांती परिषदेने या जुगाराला विरोध दर्शविला आहे. बेळगाव, खानापूरकडून घाट उतरून जाणारा तरुण पगाराच्या दिवशी त्या दिव्यांकडे कधी वळेल याची धास्ती येथील किती मातांच्या मनात असते, हे आम्ही वेगळे सांगावयास नको. अशा पैशावर चालणाऱ्या संघाचा जयजयकार करावा का, हा प्रश्न म्हणून पोरकट नाही.

परंतु तरुणाचे म्हणणेही टाकाऊ नव्हते. याच मालकीच्या काळात संघाने २०१९-२० ची लीग शील्ड मिळविली, २०२१ साली आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान मिळविला आणि त्याच वर्षी ड्युरँड करंडकही जिंकला. फोर्सा गोवा फाउंडेशनच्या द्वारे लहान मुलांच्या स्पर्धा व शिकवणी चालविल्या जातात. तेथे मुलगा चेंडू अडवावयास शिकतो, पत्ते पिसावयास नव्हे. आणि खाणीच्या पैशाने डोंगर फोडले, तेव्हा तो पैसा पवित्र होता काय, असा उलट प्रश्न त्याने केला, त्यास वृद्धांपाशी चटकन उत्तर नव्हते.

तालमीचा मार्ग

एवढ्यात एका शिक्षकांनी, ज्यांचे शिक्षण कोल्हापुरास झाले होते, वाद तिसऱ्याच दिशेस नेला. “मालकच नसला तर?” त्यांनी विचारले.

बेळगावाहून निपाणीमार्गे उत्तरेस गेले की कोल्हापूर लागते. तेथील फुटबॉलची तऱ्हा गोव्याहून निराळी आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तेथील संघांची नावे, आणि हे संघ म्हणजे पेठांच्या तालमी. ज्या तालमीत कुस्ती व गणपती, त्याच तालमीचा फुटबॉल. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ लोटते. कोल्हापूरच्या राजघराण्याचा खेळास आश्रय आहे, परंतु तालीम कोणा एकाच्या खिशात नाही. वर्गणी, देणगीदार आणि पेठेचा अभिमान यांवर ती चालते. २०१७ सालच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा.

मात्र तालमीचा मार्ग निर्दोष आहे असे कोणी समजू नये. पेठेचा अभिमान कधी कधी दगडाचे रूप घेतो, प्रेक्षकांच्या हाणामारीने सामने थांबवावे लागले आहेत. शिवाय या संघांपैकी एकही देशातील अव्वल स्पर्धेपर्यंत पोहोचलेला नाही. लोकांचा संघ टिकतो, परंतु फार उंच चढत नाही. धन्याचा संघ उंच चढतो, परंतु केव्हा कोसळेल याचा नेम नाही. घाटमाथ्यावरील दोन पाण्यांसारखे हे दोन प्रवाह आहेत.

दूरदेशीचे दाखले

हाच वाद जगभर चालू आहे. इंग्लंडातील मँचेस्टर युनायटेड हा संघ २००५ साली अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने विकत घेतला, आणि खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भार संघावरच टाकला. संतापलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी आपला वेगळा संघ स्थापिला. त्यात प्रत्येक सभासदास एक मत, मग त्याने कितीही पैसे दिलेले असोत. २०१५ साली त्यांनी स्वतःचे मैदानही उभारले. ग्लेझर मात्र अद्याप गेलेले नाहीत. २०२४ साली संघाचा पाव हिस्स्याहून थोडा अधिक भाग दुसऱ्याच्या हाती गेला, इतकेच. जर्मनीत १९९८ पासून असा नियम आहे की मोजके अपवाद सोडता संघाची निम्म्याहून अधिक मते सभासदांच्याच हाती राहिली पाहिजेत. धनिकाने पैसे घालावेत, परंतु शेवटचा शब्द त्याचा नसावा.

आपल्या देशातही चाहत्यांच्या शब्दास वजन आल्याचे एक उदाहरण आहे. १८८९ सालच्या मोहन बागानचे २०२० साली ए. टी. के. या संघाशी एकत्रीकरण झाले आणि जुन्या नावाआधी ती तीन अक्षरे बसली. चाहत्यांनी ती काढण्यासाठी तीन वर्षे नेटाने आवाज उठविला. २०२३ साली संघ विजेता झाल्यावर मालक संजीव गोएंका यांनी ती अक्षरे काढल्याचे जाहीर केले. मालक राहिले, पण नाव परत आले. आम्हांस हा दाखला बोधप्रद वाटतो, कारण त्यात ‘राहा’ आणि ‘जा’ यांच्या मधला एक मार्ग दिसतो.

आणि केवळ धनिकांच्या भरवशावर राहण्याचा परिणाम २०२५ साली सर्वांनी पाहिला. महासंघ व त्याची व्यापारी भागीदार कंपनी यांच्यातील कराराचा तिढा न सुटल्याने त्या जुलैत इंडियन सुपर लीगचा नवा हंगामच थांबविण्यात आला, आणि काही संघांनी खेळाडूंचे पगार रोखले. लाखोंच्या टाळ्या घेणारा खेळाडूही त्या दिवशी रोजंदारीच्या मजुराइतकाच निराधार ठरला.

आपल्या खाचरातला धनी

वाचक म्हणतील, मँचेस्टर व कोलकाता यांचे आम्हांस काय? परंतु हा प्रश्न आपल्या गावच्या मैदानावरही उभा आहे. सुगीनंतर गावात स्पर्धा भरते. चषक कोण देतो? सदरे कोण देतो? कोणी ठेकेदार, कोणी निवडणुकीस उभा राहू इच्छिणारा पुढारी, कोणी गोव्यात चार पैसे मिळविलेला सोयरा. फलकावर त्याचे छायाचित्र चेंडूपेक्षा मोठे असते. पुढल्या वर्षी त्याचे मन फिरले की स्पर्धा बंद पडते आणि मुले पुन्हा रस्त्यावर हिंडू लागतात. मग त्याला वाईट म्हणून आपण मोकळे होतो. परंतु त्याच्या एकट्याच्या हाती सर्व काही सोपविले कोणी?

मालक सज्जन की दुर्जन, एवढ्यावर हा वाद सुटत नाही, असे आमचे मत झाले आहे. सज्जनाचेही व्यवसाय बुडतात, त्यासही राग येतो, त्याचेही वय होते. म्हणून मालकाने राहावे की जावे याआधी, तो गेल्यास मागे काय राहील, हे विचारणे अधिक शहाणपणाचे आहे. मैदान गावाच्या नावे आहे काय? संघाचे नाव व रंग गावाचे आहेत काय? जमाखर्चाची वही वर्षातून एकदा सर्वांसमोर उघडली जाते काय? या तिन्हींचे उत्तर होय असेल, तर धनी कोणीही येवो अथवा जावो, मुले खेळत राहतील. उत्तर नाही असेल, तर संतासारखा धनी असूनही संघ उसन्या घोंगडीसारखा आहे. ज्याची आहे तो ती केव्हाही ओढून नेईल.

पैशाच्या मूळाविषयी मात्र वृद्धांची शंका आम्हांस सोडून देण्यासारखी वाटत नाही. जुगाराचे किंवा दारूचे नाव मुलांच्या छातीवर छापून घेण्यापेक्षा सदरा जुना असलेला बरा. दूरच्या मोठ्या संघाचा धनी बदलणे आपल्या हाती नाही, पण आपल्या मुलाच्या सदऱ्यावर काय असावे, हे आपल्या हाती आहे. आणि जो तरुण त्या मोठ्या संघाच्या खेळावर प्रेम करतो, त्यास पापी ठरविण्याचेही कारण नाही. गोलरक्षकाच्या झेपेस टाळी देणे म्हणजे मालकाच्या धंद्यास मान देणे नव्हे.

या भागातील कुटुंबांना आमचे एवढेच सांगणे आहे की, यंदा खाचरे रिकामी होतील तेव्हा स्पर्धेची वर्गणी घरटी दहा रुपये का होईना, पण घरटी काढावी. मोठा देणगीदार आला तर त्याचे आभार मानावेत, त्यास पुढल्या रांगेत खुर्ची द्यावी, हार घालावा. परंतु वही गावच्या पंचांकडे असावी, आणि चेंडू रात्री ठेवण्यास शाळेच्या किंवा चर्चच्या खोलीत जागा करावी, कोणा एकाच्या घरी नव्हे. जांबोटीच्या घाटमाथ्यावर पावसाचा थेंब कोणत्या बाजूस वळेल, हे मातीचा थोडासा उतार ठरवितो. मुलांच्या खेळाचेही तसेच आहे, आणि हा उतार देणे गावाच्या हाती आहे.